साठ चौकोन, पन्नास खुणा

आनंदराव बनसोडे यांनी चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढली आणि त्या चौतीस वर्षांत एकदाही खोटी वेळ लिहिली नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या पत्नीने, कलावतीबाईंनी सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात. एका छोट्या स्टेशनावर मास्तरांच्या चुकीने मालगाडी बारा मिनिटं अडकली होती. मास्तर म्हणाले, चार लिहा, बाकीची पुढे भरून काढू. आनंदरावांनी बारा लिहिली. मास्तरांची चौकशी लागली. पण मास्तरांची वरपर्यंत ओळख होती, त्यामुळे आनंदरावांना बायकामुलांपासून लांब दोन वर्षं फुलेऱ्याला बदलीवर काढावी लागली.

"चार लिहिलं असतं तर हात झडला असता का?" कलावतीबाई अजून म्हणतात. आनंदराव त्यावर घड्याळाकडे बघतात.

प्रताप नगरात आमची घरं समोरासमोर आहेत. हाउसिंग बोर्डाची, एकसारखी, मधे बारा पावलांचा रस्ता. ते मिरजेकडचे, आम्ही नाशिकचे, दोघंही नोकरीपायी या हिंदी मुलखात आलेले. मी विमा कंपनीत क्लेम तपासायच्या खात्यात आहे आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासल्यावर एक सवय लागते. कागदात चूक असली तर शंका येते, आणि कागद फार नीटनेटका असला तर जास्त येते. आनंदरावांच्या बाबतीत ही सवय कुठवर गेली, ते इथे लिहितो आहे.

त्यांच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक काळी लोखंडी पेटी असते. पूर्वी प्रत्येक गार्डाची स्वतःची पेटी असे. ड्यूटीवर निघताना हमाल ती गार्डाच्या डब्यात चढवत. आत झेंड्या, कंदील, नियमांचं पुस्तक. निवृत्तीच्या वेळी सामान जमा झालं, पण पेटी बाद ठरलेली होती म्हणून त्यांना मिळाली. तिच्याबरोबर एक गोल पत्र्याचा रिकामा डबाही त्यांनी मागून घेतला. त्यात पूर्वी रेल्वेचे फटाके असत.

"गाडी मधेच अडली आणि मागून दुसरी यायची भीती असली," त्यांनी मला एकदा समजावलं होतं, "की गार्डानं उतरायचं, मागं चालत जायचं आणि हे फटाके रुळावर बांधायचे. मागच्या इंजिनाचं चाक त्यावर आलं की आवाज होतो. ड्रायव्हर ब्रेक मारतो."

"किती असायचे?"

"दहा. पण एरवी ते नाहीतच असं धरायचं. हे खर्चाचं सामान नव्हे, साहेब."

"तुम्ही किती वेळा वापरले?"

"एकदा," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि गेल्या वर्षी तो कमरेच्या हाडात उतरला. वय शहात्तर, ऑपरेशनचा विचार कुणी केला नाही. बनी पार्कमधल्या एका लहान इस्पितळात दुखण्यावर उपचार करणारा वेगळा विभाग आहे. तिथल्या डॉ. कीर्ती मॅडमनी गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. मोडायची नाही, चावायची नाही. पंधरा दिवसांत आनंदराव काठी टेकत फाटकापर्यंत यायला लागले.

"म्हणजे अफूच ना ती?" माझ्या बायकोने, विभाने, विचारलं.

"अफूपासून काढतात. औषध आहे."

"सवय लागत असेल."

माझ्याही मनात तेच होतं.

या एप्रिलपासून इस्पितळाने नियम कडक केले. कुठल्याशा पेशंटच्या घरून गोळ्या बाहेर विकल्या गेल्या, असा बोभाटा झाला होता. आता प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. महिन्याच्या साठ गोळ्यांचे साठ चौकोन. गोळी घेतली की चौकोनात खूण करायची. महिना संपला की रिकाम्या पट्ट्या परत न्यायच्या आणि न घेतलेली गोळी उरली असेल तर तीही जमा करायची. शिवाय फॉर्मवर तीन सह्या. एक पेशंटची, एक घरच्या माणसाची, आणि एक घराबाहेरच्या जबाबदार नोकरदाराची, ज्याने कार्ड आणि पट्ट्या स्वतः पाहून जुळवल्या आहेत. तिसरी सही नसेल तर पुढच्या महिन्याच्या गोळ्या नाहीत.

आनंदराव तो फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. बारा पावलांना त्यांना बराच वेळ लागला.

"तुमच्यावर एक काम टाकतो, पंडितसाहेब."

मी फॉर्म दोनदा वाचला. "जुळलं नाही तर मी सही करणार नाही हं, आनंदराव. आधीच सांगून ठेवतो."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. दुसऱ्या कुणी न बघताच केली असती."

एप्रिल ते सप्टेंबर सगळं जुळत गेलं. साठ चौकोन, साठ खुणा, सहा रिकाम्या पट्ट्या. खुणाही कशा, तर काही निळ्या, काही काळ्या, एखादी थरथरलेली, एखादी चहाच्या डागावर केलेली. जेव्हाची तेव्हा केलेली खूण अशीच दिसते. मी निःशंक मनाने सही करत होतो.

ऑक्टोबरमध्ये दिवाळी सोमवारी होती आणि फॉर्मची तारीख त्याच्या आधीच्या गुरुवारी. शनिवारपासून भाऊबीजेपर्यंत दुखण्याचा विभाग बंद राहणार होता. गुरुवारी रात्री, आठची गोळी झाल्यावर, मी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर सहा रिकाम्या पट्ट्या होत्या, एकही गोळी शिल्लक नाही. कार्डावर मात्र पन्नासच खुणा. दर तिसऱ्या रात्रीचा चौकोन कोरा.

"ह्या दहा गोळ्या घेतल्या नाहीत?"

"नाही घेतल्या."

"मग कुठे आहेत?"

आनंदरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "कार्ड बरोबर आहे, साहेब."

"कार्ड बरोबर, पट्ट्याही बरोबर. मग दहा गोळ्या गेल्या कुठे?"

"वाया गेल्या नाहीत."

"असं मला फॉर्मवर लिहिता येणार नाही."

कलावतीबाई दारात उभ्या होत्या. "करा की सही, भाऊ. सणाचे दिवस हायत," एवढं म्हणून त्या आत गेल्या. माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं.

त्यांचा मुलगा रणजित खिडकीशी टेकून उभा होता. वय चव्वेचाळीस. सीतापुऱ्यातल्या कारखान्यातलं काम सुटून दीड वर्ष झालेलं. आणि तरी हातात नवा मोबाइल. तो इथेच जन्मला, इथेच शिकला. त्याचं मराठी हिंदीच्या आधाराने चालतं.

"अंकल, मतलब दहा गोळ्यांसाठी तुम्ही साठ अडवून ठेवणार?"

"अडवत नाही. विचारतो आहे."

"तर मला विचारा ना सीधा. मी चोरली, असं बोला."

"तुझं नाव कुणी काढलं?"

"काढायला कशाला पाहिजे? दिसतंय ना तुमच्या चेहऱ्यावर."

विचारण्याआधीच जो उत्तर देतो त्याच्याकडे जरा जास्त बघावं, हे मी नोकरीत शिकलो होतो. मी पेनाला टोपण लावलं.

"दिवाळीनंतर बघू. तोवर त्या गोळ्यांचा पत्ता लागू दे."

आनंदरावांनी पट्ट्या उचलून रबर लावला, कार्डावर ठेवल्या आणि ते पेटीकडे बघत राहिले. मला वाटलं, शरमेने माझ्याकडे बघत नाहीत.

घरी आल्यावर विभाने विचारलं, "काय, क्लेम नाकारलात?"

"गोळ्या कमी आहेत."

"त्यांच्या कमरेतलं दुखणंही कमी आहे का?"

"तूच म्हणाली होतीस ना, सवय लागते म्हणून? घरात कुणाला लागली असेल सांगता येतं का?"

ती चकलीचा सोऱ्या धूत होती. नळ मोठा केला.

त्या दिवसांत मी आमच्या बाल्कनीतून समोर बघत राहिलो. हिशेब सरळ होता. गोळ्या गुरुवारी रात्री संपल्या. शुक्रवारपासून हा माणूस गोळीविना आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही गोळी एकदम बंद केली तर हाल होतात. पण शनिवारी आनंदराव अंगणात होते. रविवारी खुर्ची टाकून उन्हात बसले होते, मफलर गुंडाळून, बशीतून चहा पीत. दिवाळीच्या दिवशी त्यांनी मला हातही केला.

मग मी दोन शक्यता मांडल्या. एक, दुखणं सांगतात तेवढं नाहीच, आणि गोळ्यांचा उपयोग दुसऱ्याच कुणाला होतो. दोन, गोळ्या बाहेरून येताहेत. दुसरी मला जास्त पटली, कारण दिवाळीच्या संध्याकाळी रणजित स्कूटरवरून आला, इकडेतिकडे बघितलं आणि शर्टाच्या आतून एक पुडकं काढून आईच्या हातात दिलं. कलावतीबाईंनी ते पदराखाली घेतलं. मिठाईचं पुडकं कुणी असं नेत नाही.

बुधवारी आनंदराव दिसले नाहीत. पडदे ओढलेले होते. माझी नजर त्यांना कळली असणार, असं मी धरलं. त्या दुपारी मी इस्पितळाला पत्र लिहिलं. तारीखवार, पुडक्यासकट. शेवटी लिहिलं की पेशंटच्या घरी गोळ्यांचा दुसरा पुरवठा असावा असा माझा संशय आहे, तरी योग्य ती चौकशी व्हावी. पत्र घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. विभाने फराळाचं ताट भरलं होतं, ते मीच नेतो म्हणालो. घरात शिरायला निमित्त झालं.

दार कलावतीबाईंनी उघडलं. त्यांनी ताट घेतलं नाही. माझ्याकडे बघून त्या नुसत्या बाजूला झाल्या.

आनंदराव पलंगावर नव्हते. पेटीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. बनियन घामाने भिजलेलं आणि अंग थंडी वाजल्यासारखं हलत होतं. नाकातून पाणी येत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. पेटी उघडी होती. तो गोल पत्र्याचा डबा त्यांच्या पायाशी पडला होता, रिकामा.

"कधीपासून?"

"काल सकाळपासनं," कलावतीबाई म्हणाल्या. "परवा रातीला शेवटची घेतली."

"शेवटची? गोळ्या तर गुरुवारी संपल्या होत्या."

त्यांनी पेटीतून एक जाड वही काढून माझ्या हातात दिली. गार्ड लोकांना प्रवासात एक वही ठेवावी लागते. प्रत्येक स्टेशनाची वेळ, प्रत्येक खोळंब्याचं कारण जागच्या जागी लिहायचं. त्याला ते जर्नल म्हणतात. निवृत्तीनंतरही आनंदरावांचं चालू होतं. मी पानं उलटली. सप्टेंबरातली नोंद अशी: "रात्र ८.००. गोळी घेतली नाही. राखीव १. झोप नाही." तीन दिवसांनी: "गोळी घेतली नाही. राखीव २. पहाटे ३.१० ला बसलो." अशा दहा. मग दिवाळीच्या आधीचा शुक्रवार: "सकाळ ८.००. राखीवमधून १. शिल्लक ९. कारण: पंडितसाहेबांची सही नाही." तेच कारण दहा वेळा लिहिलं होतं, "वरीलप्रमाणे" न म्हणता. शेवटची नोंद मंगळवारची. शिल्लक शून्य.

"गेल्या दिवाळीत दवाखाना बंद आणि ह्यांच्या गोळ्या संपल्या," कलावतीबाई सांगत होत्या. "पाच दिवस असंच झालं हुतं. म्हणून ह्या वक्ताला आधीच ठरवलं. पाच दिवसांच्या दहा काढून ठेवायच्या. दर तिसऱ्या रातीला दुखणं काढायचं."

"मला का नाही सांगितलं?"

"उरलेली गोळी जमा करा म्हणून छापलंय न्हवं फॉर्मावर? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते लिहिलं असतं."

लिहिलं असतं.

"मी म्हटलं, त्या दहा चौकोनांत खोट्या खुणा करा. कुणाला कळतंय? तर म्हणाले, घेतली नाही ती घेतली कशी लिहू." त्यांनी पदराने नवऱ्याचं नाक पुसलं. "हात झडला असता जणू."

खिडकीच्या कट्ट्यावर रणजितचं पुडकं पडलं होतं. इसबगोल. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि ते आणताना रणजितला लाज वाटत होती, एवढंच.

फॉर्मवर डॉक्टरांचा नंबर होता. मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, विभाग बंद असला तरी इस्पितळ उघडं आहे, घेऊन या, मी येते. रणजितने वडिलांना उचलून माझ्या गाडीत मागे आडवं केलं. टोंक रोडवर बहिणी-भावांच्या स्कूटरी, मिठाईचे डबे, जिकडेतिकडे गर्दी. एका चौकात तीन वेळा लाल दिवा लागला.

"कुठं थांबलो?" आनंदरावांनी मागून विचारलं.

"सिग्नल आहे, पप्पा."

"स्टेशनाच्या बाहेरचा का आतला?"

रणजितने माझ्याकडे पाहिलं. "बाहेरचा," मी म्हणालो.

"मग अजून घेतील आत," ते म्हणाले आणि त्यांनी दात आवळले. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "किती मिनिटं झाली ते बघून ठेव, रणजित."

इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने ते झोपले. डॉ. कीर्तींनी जर्नल मागून घेतलं. त्यातल्या वेळा मी त्यांना हिंदीत सांगितल्या.

"मैं समझती हूँ," त्या म्हणाल्या. "पर मुझे रजिस्टर में लिखना पड़ेगा, मरीज़ ने दवा जमा करके रखी. आज से महीने की नहीं मिलेगी. हर हफ़्ते आना होगा."

"पण मॅडम, त्यांनी खरं लिहिलं म्हणूनच हे कळलं."

"जी. इसलिए तो बंद नहीं कर रही."

गोळ्यांच्या खिडकीवरचे गोपालजी चौदा गोळ्या मोजून देताना म्हणाले, "हमारे दादाजी रोज़ सुबह चाय के साथ अफीम लेते थे, साहब. अस्सी के होकर गए. किसी ने रजिस्टर नहीं बनाया." मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. खिशातलं पत्र घरी येऊन फाडलं. विभाने तुकडे पाहिले.

आता दर शुक्रवारी रणजित त्यांना ई-रिक्षाने बस स्टॉपपर्यंत आणि तिथून बसने बनी पार्कला नेतो. माझी गाडी मी देऊ केली होती. "बघू," रणजित म्हणाला, आणि नंतर कधी मागितली नाही. कमरेचं हाड कुरतडलेल्या माणसाला चौदा गोळ्यांसाठी लाकडी बाकावर दोन तास बसावं लागतं. गुरुवारी रात्री आठच्या गोळीनंतर मी कार्ड आणि पट्ट्या जुळवतो. तिसरी सही अजून माझीच आहे, कारण नियमाप्रमाणे बदल करायचा तर नवा अर्ज द्यावा लागतो.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. बुधवारी सकाळी दुधाच्या वेळी कलावतीबाई विभाला म्हणाल्या, "रातभर डोळ्याला डोळा न्हाई ह्यांचा. बसून काढली रात." दुसऱ्या दिवशी मी कार्ड बघायला गेलो. चौदा चौकोन, चौदा खुणा. मंगळवार रात्रीच्या चौकोनातही खूण. चौदाही खुणा एकाच काळ्या शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका बैठकीत केलेल्या. असे कागद मी नोकरीत शेकड्यांनी परत पाठवले आहेत.

मी पेटीकडे पाहिलं. तिला नवं पितळी कुलूप होतं. आनंदराव माझ्याकडे बघत होते, एखाद्या अनोळखी तिकीट तपासनिसाकडे बघावं तसे.

"जुळतंय ना, साहेब?"

"जुळतंय."

मी सही केली. त्यांनी कार्ड पुढे ओढून सही नीट पाहिली, तारीख पाहिली, मग घड्याळ पाहिलं. जर्नल टेबलावरच होतं. ते न उघडता त्यांनी पेन खिशाला लावलं.